तालुक्यांचा नकाशा फोनवर झटकन उघडावा म्हणून: हद्दींच्या रेषा हलक्या करण्याची पद्धत

महाराष्ट्रातल्या सगळ्या तालुक्यांचा नकाशा, प्रत्येक तालुक्याला पावसाच्या आकड्याप्रमाणे रंग आणि बोट ठेवलं की तालुक्याचं नाव. वेब नकाशे शिकणाऱ्या बहुतेकांचं पहिलं काम असंच काहीतरी असतं. हद्दींची फाइल मिळवायची, लीफलेट या नकाशे दाखवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या पाच-सात ओळी लिहायच्या आणि लॅपटॉपवर नकाशा उमटला की समाधानाने चहा घ्यायचा. माझाही पहिला नकाशा असाच उमटला होता. पण तो ज्यांच्यासाठी केला होता ती माणसं शेतावरून, तीन-चार वर्षं वापरलेल्या अँड्रॉइड फोनवर बघणारी होती. त्यांच्या फोनवर पांढरा पडदा यायचा, फोन गरम व्हायचा आणि शेवटी ब्राउझरच बंद पडायचा. नकाशा अचूक होता, पण ज्यांना हवा होता त्यांना तो दिसत नव्हता.

त्यानंतर मी जे शिकत गेलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. उदाहरण तालुक्यांचंच घेतो. हीच रीत वॉर्ड, मतदारसंघ, जंगलं, नद्या अशा कुठल्याही आकारांना लागू पडते.

ओझं नेमकं कशाचं असतं

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. संगणकाला हद्द म्हणजे तेवढंच कळतं: एकापुढे एक ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा. पुण्याजवळचा एक ठिपका जिओजेसन, म्हणजे हद्दी मजकुराच्या रूपात लिहिणाऱ्या, फाइलमध्ये [७३.८५६७४३२१९८७६५४,१८.५२०४३०१२३४५६७८] असा दिसतो. आधी रेखांश, मग अक्षांश. कंस आणि स्वल्पविराम धरून ही चाळीसेक अक्षरं झाली. किनारा, खाड्या आणि सह्याद्रीच्या धारेवरून वळत जाणाऱ्या हद्दी बारकाईने आखलेल्या असतील, तर राज्याच्या फाइलमध्ये असे लाखो ठिपके सहज असतात. समजा ५ लाख आहेत. म्हणजे नुसत्या आकड्यांचेच २ कोटी बाइट, साधारण २० एमबी.

नवीन माणूस इथे म्हणतो, सर्व्हरवर जीझिप, म्हणजे फाइल दाबून पाठवण्याची सोय, चालू करतो, फाइल आपोआप लहान होईल. होते, आणि जीझिप चालू करायलाच हवं. पण त्याने फक्त रस्त्यावरचं ओझं कमी होतं. फोनवर पोचल्यावर ती फाइल पुन्हा पूर्ण उलगडते. मग ब्राउझर तो २० एमबीचा मजकूर अक्षर न् अक्षर वाचतो, प्रत्येक आकड्यासाठी मेमरीत जागा करतो, प्रत्येक ठिपक्याचं अक्षांश-रेखांशावरून पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये रूपांतर करतो आणि शेवटी रेषा काढतो. वापरणाऱ्याने झूम बदलला की रूपांतराचं काम पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं ब्राउझरच्या ज्या मुख्य धाग्यावर चालतं, त्याच धाग्यावर बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देण्याचं कामही असतं. म्हणून पान नुसतं हळू होत नाही, ते गोठतं.

तेव्हा फाइलचे एमबी बघण्याआधी ठिपके मोजा. खरं ओझं त्यांचं आहे.

पहिली पायरी: झूम ठरवा, कात्री नंतर

किती ठिपके काढायचे हा प्रश्न अंदाजाने सोडवू नका. 'दहा टक्के ठेवले' असं जागोजागी वाचायला मिळेल, पण दहा टक्के कशाचे? एकाची मूळ फाइल अतिशय बारीक असते, दुसऱ्याची आधीच कोणीतरी ओबडधोबड केलेली असते. टक्का दोघांचा सारखाच, निकाल मात्र वेगळे.

त्यापेक्षा पिक्सेलचा हिशेब करा. नेहमीच्या वेब नकाशात शून्य झूमला पूर्ण पृथ्वी २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात बसते आणि प्रत्येक झूमला रुंदी दुप्पट होते. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर. तेव्हा ७ झूमला एक पिक्सेल म्हणजे विषुववृत्तावर सुमारे १.२ किलोमीटर. महाराष्ट्र १९ अंशाच्या आसपास आहे, म्हणून त्याला त्या अंशाच्या कोसाइनने, म्हणजे साधारण ०.९५ने गुणायचं. आपल्याकडचा हिशेब असा येतो: ७ झूमला एक पिक्सेल जवळपास ११५० मीटरचा, १० झूमला १४५ मीटरचा, १२ला ३६ मीटरचा आणि १४ला ९ मीटरचा.

आता विचार करा. पूर्ण राज्य पडद्यावर दिसतं ते ६ किंवा ७ झूमला. तिथे एका पिक्सेलात एक किलोमीटरहून जास्त जमीन मावते. आणि आपण त्या फोनला दर वीस मीटरवरचा ठिपका पाठवत असतो! पन्नासेक ठिपके एकाच पिक्सेलवर येऊन पडतात. डोळ्याला एकच दिसतो, फोनला मात्र पन्नासही मोजावे लागतात.

मी नियम असा ठेवला आहे: ही फाइल जास्तीत जास्त कोणत्या झूमपर्यंत दिसणार ते ठरवायचं, त्या झूमचा पिक्सेल किती मीटरचा ते काढायचं आणि त्याच्या अर्ध्याइतकी चूक मान्य करायची. आजच्या फोनच्या पडद्यांवर एका पिक्सेलच्या जागी दोन-तीन बारीक पिक्सेल असतात, म्हणून अर्धा. तालुक्यांच्या नकाशाला मी १० झूमवर कुलूप लावतो, त्यापुढे जाऊच देत नाही. म्हणजे ७० मीटरपर्यंतची चूक चालते. पावसाचा आकडा पूर्ण तालुक्याचा असताना कोणाला स्वतःच्या घरापर्यंत झूम करू देण्यात तसाही अर्थ नाही. रंगाच्या त्या अचूकतेवर उगाच विश्वास बसतो.

'पण खरी हद्द तर बिघडली ना?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. भारताच्या किनाऱ्याची लांबी कित्येक वर्षं आपण ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली. जास्त बारकाईने पुन्हा मोजल्यावर ती ११,०९८ किलोमीटर निघाली. समुद्र वाढला नाही, मोजपट्टी बारीक झाली आणि प्रत्येक खाडीची वळणं हिशेबात आली. म्हणजे तुमच्या हातातली 'मूळ' फाइलही कोणीतरी कुठल्यातरी प्रमाणावर आखलेलीच आहे. आपण फक्त आपल्या पडद्याला साजेसं प्रमाण निवडतो आहोत.

ठिपके गाळण्याच्या दोन पद्धती

अवजारं कितीही असली तरी आत बहुतेक वेळा दोनपैकी एक युक्ती असते. ती हाताने एकदा करून पाहिली की पुढचे सगळे पर्याय कळतात. कागदावर पाच ठिपके काढा: अ (०,०), ब (१,०.२), क (२,०), ड (३,२) आणि इ (४,०). अ पासून निघालेली रेषा ब जवळ जेमतेम फुगते, क पर्यंत सपाट जाते, ड ला उंच चढते आणि इ ला उतरते.

पहिली युक्ती सुतळीची. तिला डग्लस-प्यूकर म्हणतात. दोघांनी ती १९७३ साली मांडली, आणि त्याच्या आदल्या वर्षी उर्स रामर यांनी स्वतंत्रपणे तीच मांडली होती. अ आणि इ च्या मध्ये सुतळी ताणा. तिच्यापासून सगळ्यात लांब कोण? ड, २ अंतरावर. आपली मर्यादा ०.५ असेल तर ड राहणार. आता अ ते ड सुतळी ताणा. ब तिच्यापासून ०.३९ वर आहे आणि क १.११ वर. म्हणून क सुद्धा राहतो. इथे थांबून बघा: पहिल्या सुतळीवर क बरोब्बर रेषेवर होता, अंतर शून्य. तो निरुपयोगी वाटला असता, पण ड ठरल्यावर त्याची गरज कळली. शेवटी अ ते क सुतळी, ब तिच्यापासून ०.२ वर, मर्यादेच्या आत, म्हणून गेला. उरले अ, क, ड, इ.

दुसरी युक्ती त्रिकोणाची. महेस विश्वलिंगम आणि व्हायट यांनी ती १९९३ साली ब्रिटनमधल्या हल विद्यापीठातून मांडली. प्रत्येक ठिपका आणि त्याचे दोन शेजारी मिळून एक त्रिकोण होतो. ज्याचं क्षेत्रफळ सगळ्यात लहान, तो ठिपका आधी जातो. आपल्या रेषेत ब चा त्रिकोण ०.२, क चा १.१ आणि ड चा २. ब जातो. तो गेल्याबरोबर क चे शेजारी बदलतात, त्याचा त्रिकोण नव्याने मोजला तर २ होतो. मर्यादा १ असेल तर काम इथेच थांबतं. उत्तर इथे तेच आलं.

मोठ्या हद्दीवर मात्र दोघींचा स्वभाव वेगळा दिसतो. सुतळी टोकांना जपते: भूशिराचा टोकदार सुळका, खाडीचं सगळ्यात आतलं टोक. मर्यादा जास्त वाढवली तर किनारा काटेरी दिसायला लागतो आणि रेषा कधीकधी स्वतःलाच छेदते. त्रिकोण आकाराच्या वजनाकडे बघतो, बारीक कुरबुरी आधी काढतो, म्हणून निकाल डोळ्याला शांत वाटतो. डोळ्याने वाचायच्या तालुका-नकाशासाठी मी त्रिकोणच वापरतो. रस्त्यांच्या किंवा जीपीएसने नोंदवलेल्या वाटेच्या रेषेसाठी सुतळी बरी, कारण तिथे 'मूळ रेषेपासून इतके मीटरच सरकलो' ही हमी महत्त्वाची असते.

बांध एकच, मालक दोन

नवशिक्यांची सगळ्यात जास्त निराशा इथे होते.

पुणे जिल्ह्यातला इंदापूर आणि सोलापूर जिल्ह्यातला करमाळा यांच्यामध्ये भीमा आहे. नदीकाठची ती वळणावळणाची हद्द फाइलमध्ये दोनदा लिहिलेली असते, एकदा इंदापूरच्या आकारात आणि एकदा करमाळ्याच्या. दोन्ही आकार वेगवेगळे हलके केले तर काय होतं? सुतळी ताणायची तर दोन टोकं लागतात. पण तालुक्याची हद्द हे बंद वर्तुळ, त्याला टोक नाही, म्हणून फाइलमध्ये ज्या ठिपक्यापासून लिहायला सुरुवात झाली तेच टोक धरलं जातं. इंदापूरची सुरुवात एकीकडे, करमाळ्याची दुसरीकडे. सुतळ्या वेगळ्या पडतात, वेगळे ठिपके टिकतात. एकाच नदीच्या दोन रेषा होतात, कुठे मध्ये पांढरी फट, कुठे एकावर एक चढलेले रंग. दोन शेजाऱ्यांनी सामाईक बांध आपापल्या मोजपट्टीने आखावा, तसं.

उपाय असा की बांध एकदाच मोजायचा. आधी सगळ्या हद्दींचे सामाईक तुकडे शोधायचे, प्रत्येक तुकडा एकदाच हलका करायचा आणि तोच दोन्ही बाजूंना वापरायचा. याला टोपॉलॉजी सांभाळणं म्हणतात. मॅपशेपर नावाचं अवजार हे आपोआप करतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं नेहमीचं सिम्प्लिफाय अवजार प्रत्येक आकार सुटा धरतं, म्हणून तालुक्यांसाठी ते वापरू नका. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये नावात 'प्रिझर्व्ह टोपॉलॉजी' असलेली क्रिया आहे. तिच्या नावावर जाऊ नका, ती फक्त त्या एका आकाराला मोडू देत नाही, शेजाऱ्याशी तिचा संबंध नाही. ३.४ आवृत्तीपासून आलेली 'कव्हरेज सिम्प्लिफाय' ही क्रिया मात्र पूर्ण जाळं एकत्र धरते.

आता मॅपशेपर उघडा

मॅपशेपर ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. मॅथ्यू ब्लॉक यांनी ते बनवलं आहे. तुमची फाइल कुठल्याही सर्व्हरवर जात नाही, सगळं काम तुमच्याच यंत्रावर होतं. संस्थेची अंतर्गत माहिती असेल तर ही गोष्ट मोलाची आहे.

हद्दी शेपफाइलमध्ये, म्हणजे एसएचपी, डीबीएफ, पीआरजे अशा फाइलींच्या संचात, असतील तर त्या सगळ्या फाइली एकत्र निवडून पानावर ओढून टाका, किंवा सगळ्यांची एक झिप करून टाका. नुसती एसएचपी टाकली तर आकार येतील, नावं येणार नाहीत, कारण नावं डीबीएफमध्ये असतात आणि प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कशी मांडली त्याची, माहिती पीआरजेमध्ये. आयात करताना 'स्नॅप व्हर्टिसेस' ही खूण करा. शेजारच्या दोन हद्दींतले ठिपके दशांशाच्या दहाव्या-बाराव्या घरात वेगळे असतील, तर संगणक त्यांना दोन बांध समजतो. ही खूण त्यांना एकमेकांना चिकटवते. शेजारची 'डिटेक्ट लाइन इंटरसेक्शन्स' ही खूणही राहू द्या.

आकडे अंशांत आहेत का बघा. नकाशावर कर्सर फिरवला की आकडे दिसतात. ७३, १८ असे असतील तर ठीक. लाखांत असतील तर फाइल मीटरच्या प्रक्षेपणात आहे. यूटीएम या मीटरच्या प्रक्षेपणात महाराष्ट्र ४३ आणि ४४ अशा दोन पट्ट्यांत विभागला जातो, ७८ रेखांशाच्या पूर्वेचं नागपूर दुसऱ्या पट्ट्यात येतं, म्हणून पीआरजे फाइल नसताना अंदाजाने पट्टा निवडू नका. कन्सोलमध्ये, म्हणजे मॅपशेपरच्या आज्ञा लिहायच्या चौकटीत, प्रक्षेपण डब्ल्यूजीएस८४ला, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांना, बदलून घ्या.

नको असलेले रकाने इथेच काढा. अशा फाइलींमध्ये परिमिती, जुने क्रमांक, कोणी कधी बदल केला असं बरंच काही असतं. नकाशाला हवा फक्त तालुक्याचा सांकेतिक क्रमांक आणि मराठी नाव. क्रमांक जरूर ठेवा. पावसाचे आकडे नावावरून जोडायला गेलात तर अहमदनगर आणि अहिल्यानगर, उस्मानाबाद आणि धाराशिव यांच्यात अर्धा दिवस जाईल.

जिल्ह्यांचा थरही हवा असेल तर तालुक्यांवरूनच एकत्र करून घ्या, जिल्ह्यांची वेगळी फाइल आणू नका. दोन वेगळ्या स्रोतांच्या हद्दी कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

मग 'सिम्प्लिफाय' दाबा. तीन पद्धती दिसतील: डग्लस-प्यूकर, विश्वलिंगम आणि भारित विश्वलिंगम. तिसरी आधीच निवडलेली असते. ती टोकदार कोनांवरचे ठिपके थोडे आधी काढते, त्यामुळे रेषा मऊ दिसते. तीच राहू द्या. 'प्रिव्हेंट शेप रिमूव्हल' ही खूण मात्र आठवणीने करा. ती नसेल तर लहान आकार पूर्ण नाहीसे होतात, आणि एखादा छोटा तालुका गळाला तर ते कळतं ते तिथल्या माणसाचा निरोप आल्यावरच.

वरची पट्टी १०० टक्क्यांपासून हळूहळू खाली आणा. पट्टी टक्क्यांची असली तरी नजर टक्क्यांवर ठेवू नका. नकाशा तुमच्या सर्वांत मोठ्या झूमच्या मापाला आणा आणि काही ठरलेल्या जागा बघत राहा. माझ्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली ठाण्याची खाडी: मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधलं पाणी दिसायला हवं. दुसरी बाणकोट: सावित्रीचं मुख, रायगड आणि रत्नागिरीची हद्द. तिसरी भीमा, उजनीच्या फुगवट्यापाशी. चौथी मालवणसमोरचा सिंधुदुर्ग किल्ला, मूळ फाइलमध्ये ते बेट असेल तर. आणि पाचवी अगदी दक्षिणेला, तेरेखोल. तो किल्ला तेरेखोल नदीच्या उत्तरेला आहे, सिंधुदुर्गाला चिकटून, पण तो भाग गोव्याचा. पट्टी जास्त ओढली की हा जमिनीचा लहानसा तुकडा गुपचूप महाराष्ट्रात येतो. दिसायला चार-दोन पिक्सेलांची गोष्ट, पण तिथे राहणाऱ्याला ती चूकच आहे. तेरेखोल बिघडलं की मी पट्टी थोडी मागे घेतो आणि तिथे थांबतो.

पट्टी सरकवताना कोपऱ्यात रेषा एकमेकींना छेदल्याची संख्या दिसेल. शेजारी 'रिपेअर' आहे, तो दाबा. थोड्याच जागा असतील तर तो सावरून घेतो. शेकड्याने असतील तर तुम्ही फार ओढलं आहे.

दशांशाची शेपूट कापा

आता निर्यात. इथे एक फायदा फुकट मिळतो आणि बहुतेक जण तो सोडून देतात. एक अक्षांश सुमारे १११ किलोमीटरचा. तेव्हा दशांशानंतरचं पाचवं घर म्हणजे १.१ मीटर, चौथं ११ मीटर. सुरुवातीला दाखवलेल्या पुण्याच्या ठिपक्यात चौदा घरं होती. चौदावं घर काही अणूंच्या रुंदीइतकं बारीक जातं! आपण ७० मीटरची चूक मान्य केली आहे, मग पाच घरं भरपूर झाली. तोच ठिपका [७३.८५६७४,१८.५२०४३] असा एकोणीस अक्षरांत मावतो, जवळपास निम्म्या.

निर्यातीच्या चौकटीत जास्तीचे पर्याय लिहायला एक ओळ असते. तिथे प्रिसिजन, बरोबरचं चिन्ह आणि ०.००००१ असं, अर्थातच रोमन अक्षरांत आणि अंकांत, लिहा. क्रम मात्र पाळा: आधी ठिपके गाळायचे, मग दशांश. उलट केलंत तर गोलाकार केलेल्या ठिपक्यांमुळे बारीक बारीक छेद तयार होतात आणि पुढच्या पायरीला त्रास देतात.

आपला मघाचा हिशेब पुन्हा करा. ५ लाख ठिपक्यांचे ५० हजार उरले आणि प्रत्येकी वीस अक्षरं लागली, तर २० एमबीच्या जागी १ एमबी. जीझिपनंतर त्याहून बरंच कमी.

निर्यातीत टोपोजेसन हाही पर्याय दिसेल. त्यात सामाईक बांध एकदाच साठवतात, म्हणून फाइल आणखी लहान होते. पण लीफलेटला देण्याआधी ब्राउझरमध्ये ती पुन्हा जिओजेसनमध्ये उलगडावी लागते आणि काढायचे ठिपके तेवढेच राहतात. रेंज कमकुवत असलेल्या भागात तिचा उपयोग आहे, पण पहिल्याच नकाशाला ही गुंतागुंत नको.

पानावर बसवताना

लीफलेट स्वतःही रेषा थोड्या हलक्या करतं. 'स्मूदफॅक्टर' नावाचा तो पर्याय आधीपासून १ वर असतो. तो प्रत्येक आकार सुटा धरतो, म्हणजे मघाचीच बांधाची भांडणं. आकडा वाढवला की तालुक्यांमध्ये फटी दिसतात. आपण काम आधीच नीट केलं आहे, तेव्हा तो शून्याच्या जवळ आणा. आकार शेकड्याने असतील तर 'प्रिफर कॅनव्हास' चालू करून बघा, म्हणजे सगळे आकार एकाच चित्रात काढले जातात, नाहीतर प्रत्येक तालुक्यासाठी पानात एक वेगळा एसव्हीजी घटक तयार होतो.

सर्व्हरचं एक तपासा. काही सर्व्हर नावाच्या शेवटी जेसन असलेली फाइल जीझिपने दाबून पाठवतात, पण नावाचं जिओजेसन हे शेपूट ओळखत नाहीत आणि ती फाइल आहे तशी पाठवतात. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क' उघडलं की फाइलचे दोन आकार दिसतात, रस्त्यावरचा आणि उलगडलेला. दोन्ही सारखेच असतील तर शेपूट बदलून साधं जेसन करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आणि तपासणी लॅपटॉपवर संपवू नका. क्रोमच्या 'परफॉर्मन्स' भागात प्रोसेसर चार किंवा सहा पट हळू करण्याची सोय आहे, ती लावून झूम करून बघा. त्याहून चांगलं म्हणजे घरातला सगळ्यात जुना फोन मागून घ्या, वाय-फाय बंद करा आणि पान उघडा. दोन बोटांनी झूम करताना नकाशा बोटांबरोबर येतो की मागे राहतो, हे त्या फोनवर लगेच कळतं.

एवढ्याने भागलं नाही तर

राज्य आणि तालुका अशा दोन पातळ्या असतील तर दोन फाइली ठेवा. राज्य दिसताना ५०० मीटरपर्यंतची चूक मान्य करून केलेली जिल्ह्यांची हलकी फाइल, आणि कोणी जिल्ह्यावर टिचकी मारली की त्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांची बारीक फाइल. बघणाऱ्याला गडचिरोली हवी असेल तर त्याच्या फोनला कोकणाचा किनारा मोजायला लावू नये.

गावांच्या हद्दी दाखवायच्या असतील तर गोष्ट वेगळी. राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावं आहेत. कितीही ठिपके गाळले तरी एवढे आकार एका जिओजेसनमध्ये देणं बरोबर नाही. तिथे व्हेक्टर टाइल्स हव्यात: टिपेकॅनो सारखं अवजार प्रत्येक झूमसाठी वेगवेगळं सुलभीकरण करून नकाशाचे चौकोनी तुकडे पाडतं, आणि मॅपलिब्रे ही नकाशा दाखवणारी लायब्ररी त्यातले पडद्यावर दिसणारे तेवढेच मागवते. पिक्सेलचा वरचा हिशेब तिथेही तोच, फक्त तो यंत्र दर झूमला करतं.

कुठे हात लावू नये

हलकी केलेली फाइल फक्त बघण्यासाठी. एखादा पत्ता कोणत्या तालुक्यात येतो, जंगलाचं क्षेत्रफळ किती, पूररेषेच्या आत किती घरं आहेत, हे प्रश्न मूळ फाइललाच विचारायचे. ७० मीटर सरकलेल्या हद्दीवर भीमाकाठचं घर सहज दुसऱ्या जिल्ह्यात जातं. गट नंबरांच्या आणि सातबाऱ्याशी जोडलेल्या हद्दींना तर कात्री लावूच नका. तिथे एका मीटरवरून माणसं वर्षानुवर्षं कोर्टात जातात.

नकाशात देशाची बाह्य सीमा येत असेल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाने दिलेल्या नकाशाप्रमाणेच हवी, हा आपल्याकडे कायद्याचा विषय आहे. नॅचरल अर्थसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या संचाच्या नेहमीच्या फाइलमध्ये सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे दाखवलेली असते, ती जशीच्या तशी उचलू नका. रेषा हलकी केल्यावर जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचलकडचा भाग डोळ्यांनी पुन्हा तपासा.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा, आणि शेजारी एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहा: मूळ कुठून घेतली, कोणत्या तारखेला, कोणती पद्धत, किती टक्के, किती दशांश, कोणत्या झूमपर्यंत. २०१४ साली १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा ज्यांच्याकडे अशी नोंद होती त्यांना नवी फाइल आणून त्याच पायऱ्या पुन्हा चालवायच्या होत्या, बाकीच्यांना सगळं पहिल्यापासून.